रिव्हॉल्व्हरचं ॲक्शन जॉब करून घ्यायचंय? आधी माणूस नीट शोधा

ॲक्शन जॉब म्हणजे ट्रिगर-हॅमरची आतली यंत्रणा गुळगुळीत आणि हलकी करून घेणं. पहिली गोष्ट, "सगळ्याच बंदुका करतो" म्हणणाऱ्यापेक्षा तुमच्याच मेकच्या रिव्हॉल्व्हरवर रोज हात असलेला गनस्मिथ (बंदुकांचा कारागीर) बघा, कारण जुन्या कोल्ट पायथनमध्ये व्ही आकाराची मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) असते, रुगरमध्ये कॉइल असते, आतलं गणितच वेगळं. लायसन्स आहे ना हे बघा, आणि नेमबाजीच्या मॅच खेळणाऱ्यांना विचारा, त्यांना खरं माहीत असतं.

मग बोलायला बसा. मी एकच विचारतो, ट्रिगर हलका कसा करणार? "स्प्रिंग कापतो" म्हणाला की उठायचं सरळ. माझी एकदा अशीच कापून दिली होती एकाने, ट्रिगर लोण्यासारखा झाला पण हॅमरचा ठोकाच कमी पडायचा, सहातल्या दोन गोळ्या उडायच्याच नाहीत, प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, नुसता हलका खळगा. चांगला कारागीर आधी घासणारे भाग पॉलिश करतो, तेही जपून, कारण हॅमर-ट्रिगरचा कडक थर बऱ्याचदा पातळ असतो, जास्त घासला की खालचं मऊ लोखंड लागतं आणि पार्ट गेला.

हात लावायच्या आधी तो टायमिंग (सिलेंडर वेळेवर लॉक होतो का), सिलेंडरची पुढेमागे हालचाल आणि सिलेंडर-बॅरलमधली गॅप तपासतो का बघा. डबल ॲक्शन (ट्रिगर ओढला की हॅमर आपोआप मागे जाऊन पडतो) ओढायला कंपनीकडून साधारण 10-12 पाउंडचं येतं, 8-9 वर गुळगुळीत मिळालं तरी भरपूर, 5 चा हट्ट नको. आणि काय करणार ते आधीच लिहून घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा, घेताना रिकामी असल्याची खात्री करून सहाही चेंबर सावकाश फिरवून बघा, हॅमर पडायच्या आत सिलेंडर लॉक झालाच पाहिजे.