निळा धूर, कमी कॉम्प्रेशन: जुन्या टर्बो गाडीत या चुका टाळा

कोल्हापुरात इंजिन उघडणं फार सोपं आहे. उद्यमनगरात गॅरेजला लागून बोअरिंगवाला, पलीकडं क्रँक ग्राइंडिंग, समोर पिस्टन-लाईनरचं दुकान. ही सोय आपलं वैभव आहे. पण तिच्यामुळंच गाडीनं निळा धूर टाकला आणि पिकअप पडला की निदान आधीच ठरलेलं असतं: "रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करू." हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, कुणीच मोजलेलं नसतं.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो धूर दिसला की टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदलणाऱ्यांचा. गारगोटीकडचे एक गुरुजी आले. डिझेल गाडी, दोन लाखांवर किलोमीटर. दुसरीकडं नवा टर्बो बसवला आणि तीन आठवड्यांत धूर परत. "टर्बोच खराब निघाला, अजून एक बसवावा लागेल," असं त्यांना सांगितलेलं. मी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा, खालचा पाईप सोडवला, तर वाटीभर ऑइल फरशीवर आलं. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल केलं. ते जागेवरच थडथड नाचायला लागलं. म्हणजे चेंबरमध्ये, क्रँक असतो त्या खालच्या भागात, दाब साठतोय. हा दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरचा पाईप काढला तर आत वाळलेल्या काकवीसारखा काळा थर. पेन्सिलसुद्धा आरपार जाईना.

इथं टर्बोचं काम समजून घ्या. त्याच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि ऑइल आपल्या वजनानं खाली चेंबरमध्ये उतरतं. चेंबरमध्ये दाब असला, किंवा परतीचा पाईप चोंदला असला, तर ते उतरणार कुठं? मग ते दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं, थोडं इंटरकूलरमध्ये आणि थोडं सायलेन्सरमध्ये. अशा गाडीत दहा टर्बो बदलले तरी दहाही ऑइल फेकतील.

गुरुजींचा ब्रीदर आणि टर्बोचा परतीचा पाईप साफ केला, इंटरकूलर धुऊन रात्रभर उलटा टांगला. कॉम्प्रेशन ३९०, ४००, ३८५, ३९५ पीएसआय (दाबाचं माप) आलं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑइल जळेपर्यंत दोन दिवस धूर राहिला, मग थांबला. तेव्हापासून माझी सवय पक्की आहे: धुराची गाडी आली की पहिला हात ब्रीदरला. ब्रीदर मोकळा असूनही झाकण नाचत असेल, तर इंजिन खरंच बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली चेंबरमध्ये निसटतोय. मग कॉम्प्रेशन मोजायचा गेज काढायचा.

आणि गेज लावताना दुसरी मोठी चूक होते. थंड इंजिन, दमलेली बॅटरी, चारपैकी एकच हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला मदत करणारा) काढलेला, आणि आकडे लिहून घेतलेले. अशीच एक गाडी माझ्याकडं २५० ते २६० चा कागद घेऊन आली. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. मालकांनी लाईनर किटची चौकशीही करून ठेवलेली. मी इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, डिझेल बंद केलं, चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सारखाच वेळ मारला. आकडे ३७० च्या पुढं गेले. चारही एकसारखे कमी दिसले तर आधी संशय मोजण्यावर घ्या, मग टायमिंगवर (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळेवर), रिंगांवर शेवटी. पेट्रोल टर्बो असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर हवाच आत जात नाही. तिथं साधारण १२० ते १७० पीएसआय येतं, डिझेलला ३५० ते ४५०, पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा. पेट्रोलचा गेज डिझेलला लावू नका, तो फुटतो.

एकच सिलिंडर कमी असेल तर पेट्रोलमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन कमी असतील तर गॅस्केटच आधी बघा. डिझेलमध्ये ही चमच्याची युक्ती मी करत नाही. वर जागा इतकी थोडी असते की जास्त ऑइल पडलं तर रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो. त्यापेक्षा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढा धीर नसेल तर इंजिनाला हात लावू नका.

आपल्याकडची एक खास चूक आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यातून काढलेल्या कितीतरी गाड्या ऑइल बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं असेल तर रॉड किंचित वाकतो, गाडी मात्र चालत राहते. पुढं कधीतरी एक सिलिंडर कमी येतो आणि लोक व्हॉल्व्ह घासत बसतात. जुनी गाडी घेताना ती पुरात होती का, हे विचाराच. हेड उचललं असेल तर चारही पिस्टन वर आणून उंची मोजा, वाकलेल्या रॉडचा पिस्टन खाली राहतो.

धूर कधी येतो ते न विचारणं हीसुद्धा चूकच. पेट्रोल गाडी करूळ घाट उतरून आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच भपका आला, तर व्हॉल्व्ह सील. चढावर सतत धूर असेल तर रिंगांचा संशय. पाच मिनिटं आयडलवर उभी राहून मग ढग आला, तर टर्बोकडं बघा.

टर्बोचा शाफ्ट बाजूला थोडा हलतो म्हणून तो फेकू नका, बेअरिंग ऑइलवर तरंगतात. पुढं-मागं हलत असेल किंवा पातं घासत असेल, तरच तो गेला. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढं भरू नका. ५डब्ल्यू-३० च्या जागी जाड ऑइल घालून धूर दाबणं म्हणजे टर्बोला उपाशी ठेवणं. धूर बंद करण्याच्या बाटल्या मी गॅरेजात येऊ देत नाही. ऊसवाहतुकीच्या दिवसांत एअर फिल्टर चोंदतो आणि टर्बो ऑइल ओढतो, तो आधी बदला. वर्षभर उभ्या गाडीचं कॉम्प्रेशन लगेच मोजू नका, आधी थोडी चालवा.

आणि इंटरकूलर ऑइलनं भरलेला ठेवून डिझेल गाडीची ट्रायल अजिबात मारू नका. ते ऑइल इंजिनात गेलं की इंजिन त्याच्यावरच पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी पाचवा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडा म्हणजे ते बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर हवेचं तोंड फळीनं दाबा, तळहातानं नाही. आमच्याकडं इंजिन सुरू करण्याआधी प्लायवूडचा तुकडा बॉनेटजवळ ठेवलेला असतो.