घरात माणूस गेलं की काय काय करावं लागतं, कोणत्या क्रमाने

गेल्या वर्षी आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, रात्री अडीचला घरीच गेले. वय ८४, दोन महिने तब्येत उतरतच चालली होती, त्यामुळे मनाची तयारी होती म्हणायला हरकत नाही, पण कामाची तयारी शून्य. पहिला अर्धा तास आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसलो होतो. नंतर ओळखीतल्या तिघाचौघांनी वेगवेगळ्या वेळी फोन करून विचारलं की तुम्ही तेव्हा कसं केलंत, आणि प्रत्येकाला तेच सांगताना वाटलं की एकदा लिहूनच टाकावं. हे पुण्यातलं आणि आमच्या घरच्या पद्धतीचं आहे, पण कागदांचा भाग महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी जवळपास हाच.

पहिला फोन डॉक्टरला करा, नातेवाईकांना नंतर. आमच्याकडे नवऱ्याने आधी आत्याला केला, आत्याने सगळ्यांना केला, आणि पहाटे चारपर्यंत फोन इतके वाजत होते की डॉक्टरांना लावायलाच सुचलं नाही. घरी मृत्यू झाला की डॉक्टरांनी नमुना ४अ भरून द्यावा लागतो, मृत्यू कशाने झाला त्याचं सर्टिफिकेट (दवाखान्यात झाला तर नमुना ४, ते दवाखानाच देतो), आणि त्या एका कागदाशिवाय पुढचं काहीच हलत नाही. हे सर्टिफिकेट शेवटच्या आजारात ज्यांनी पेशंटला तपासलंय त्या डॉक्टरांनी द्यायचं असतं, कोपऱ्यावरचे ओळखीचे डॉक्टर नुसत्या ओळखीवर देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नये. असे डॉक्टरच नसतील तर दवाखान्यात न्यावं लागतं, तिथे आणण्यापूर्वीच मृत्यू झालाय असं लिहिलं की पोलीस येतात आणि बऱ्याचदा पोस्टमॉर्टेमही होतं. म्हणून ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आजच एक काम करा, घरी व्हिजिटला येणारा डॉक्टर शोधून ठेवा, महिन्यातून एकदा त्यांच्याकडून तपासून घ्या आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. आमचे डॉक्टर साडेसहाला आले, फाइल बघितली, दहा मिनिटांत सर्टिफिकेट हातात.

पडून, भाजून, अपघाताने, विषाने किंवा संशयास्पद वाटेल असं काही झालं असेल तर मात्र काही हलवू नका, सरळ ११२ ला फोन करा, तिथे पोस्टमॉर्टेम टळत नाही. रात्री पोस्टमॉर्टेम होत नाही असं अजून सगळे सांगतात पण २०२१ पासून जिथे सोय आहे तिथे सूर्यास्तानंतरही करायला परवानगी आहे, खून-आत्महत्येसारखी प्रकरणं सोडून, त्यामुळे विचारून बघायचं.

सर्टिफिकेटवरचं नाव तिथल्या तिथे आधार कार्डाशी जुळवून बघा, अक्षर न अक्षर. आमच्या ओळखीत एका दवाखान्याने वडिलांच्या नावातला एक इंग्रजी ए खाल्ला, तोच पुढे मृत्यूच्या दाखल्यात उतरला आणि बँकेने क्लेम परत पाठवला. दुरुस्ती होते, पण अर्ज, पुरावे, हेलपाटे, दोन महिने गेले त्यांचे.

दुसरा फोन नेत्रपेढीला, जर डोळे द्यायचे असतील तर. हे आधी लिहितेय कारण याला वेळेची मर्यादा आहे, साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. अण्णांनी फॉर्म भरलेला नव्हता पण बोलून ठेवलं होतं, आणि फॉर्म नसला तरी घरच्यांच्या संमतीने देता येतात. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा, डायबेटिस, बीपी काही असलं तरी चालतं. टीम घरी आली, वीसेक मिनिटांत काम झालं, चेहऱ्यावर काहीच कळत नव्हतं. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हीच धास्ती होती, त्यांनी स्वतः जवळ जाऊन बघितलं मग त्या शांत झाल्या.

देहदान वेगळं. तिथे अंत्यविधी होत नाही, देह मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात जातो, आधी फोन करून आणायचं का ते विचारावं लागतं, पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह घेत नाहीत. गेलेल्या माणसाने फॉर्म भरलेला असला तरी शेवटी घरच्यांनी नाही म्हटलं तर कॉलेज अडून बसत नाही, म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी मुलांना जिवंतपणी बसवून सांगा, फॉर्म कपाटात ठेवून उपयोग नाही. आणि अवयवदान म्हणजे किडनी-लिव्हर वगैरे, ते ब्रेन डेड जाहीर झाल्यावर दवाखान्यातच होतं, घरी गेलेल्या माणसाचं नाही. ही गल्लत खूप जण करतात.

मग कामं वाटून घ्या. एक माणूस फक्त कागदांचा, एक फोनचा, एक सामानाचा, आणि एक जण आईंजवळ बसायला, त्याने दुसरं काही करायचं नाही. कागदवाल्याकडे प्लॅस्टिकचं फोल्डर द्या, त्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट, गेलेल्याचं आधार, अर्ज करणाऱ्याचं आधार, चार चार झेरॉक्स. पहाटे झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं, आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने घरच्या प्रिंटरवर काढून दिल्या. स्मशानभूमीचा पास लागतो, तो तुमच्याकडे ऑनलाइन निघतो का पालिकेच्या ऑफिसात का स्मशानातच, हे शहराप्रमाणे वेगळं आहे, एक फोन स्मशानभूमीत करून विचारा आणि त्याच फोनवर वेळही घ्या. सकाळी दहा ते बारा गर्दी असते.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, दहनात त्याची बॅटरी फुटते. त्वचेखालीच असतो, छोटा छेद घेऊन काढतात. अंगठी, बांगड्या आधीच काढून घ्या, नंतर बोटं ताठ झाली की निघत नाहीत.

थांबायचं का? माझा दीर अमेरिकेत. त्याला यायला तीस तास लागणार होते. शवपेटी भाड्याने मिळते, काचेच्या झाकणाची, घरी आणून प्लगला लावतात, फ्रीजसारखीच. एक-दोन दिवस ठेवता येतं, पण घरात ती घरघर, आणि लोक येतजात राहतात, आईंना झोप नाही, हेही बघायला हवं. दिरानेच सांगितलं थांबू नका, व्हिडिओ कॉलवर बघतो, दहाव्याला येतो. मला विचाराल तर पाच-सहा तासांत पोचणारं माणूस असेल तर थांबावं, त्याहून जास्त असेल तर येणाऱ्यालाच विचारावं, आपण परस्पर ठरवू नये, हे वर्षानुवर्षं डोक्यात राहतं.

आता तिरडी. आम्ही चाळीत होतो तेव्हा कोणी गेलं की दोन ठरलेले काका न बोलावता यायचे, बाहीचं बटण सोडून बसायचे आणि वीस मिनिटांत तिरडी तयार. सोसायटीत कोणालाच येत नाही. अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात सांगितलं की सगळं एकत्र मिळतं, दोन लांब बांबू, आडव्या काठ्या, सुतळी, गवत, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, काळे तीळ, तूप, कापूर, आणि विचारलं तर बांधून द्यायला माणूसही येतो. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, हळदकुंकू, ओटीचं वेगळं लागतं, ते दुकानदाराला आधी सांगा. आणि महत्त्वाचं, तिरडी लिफ्टमध्ये मावत नाही! खाली पार्किंगमध्ये बांधायची आणि वरून चादरीत किंवा स्ट्रेचरवर आणायचं. आमचा पाचवा मजला, जिना अरुंद, वळणावर सहा जण अडकले होते, तेव्हा जिन्याने आणणार असाल तर आधी जिना मोकळा करा, सायकली-कुंड्या उचला.

शववाहिका पालिकेची बघा आधी, स्वस्त पडते. आम्ही घाईत एका खाजगी गाडीवाल्याला बोलावलं, त्याने फोनवर एक आकडा सांगितला आणि वैकुंठ स्मशानभूमीच्या दारात दुप्पट मागितला. त्या वेळी कोण भांडणार? म्हणून फोनवर ठरलेला आकडा, थांबायचे पैसे त्यात धरून, व्हॉट्सअपवर लिहून घ्या.

दहन कशात करायचं हा प्रश्न घरात भांडण लावू शकतो. लाकडाच्या चितेला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं, चार-पाच तास सहज जातात आणि अस्थी दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं. विद्युत किंवा गॅस दाहिनीत तास-दीड तासात होतं, अस्थी थोड्या वेळाने त्याच दिवशी मिळू शकतात, पावसाळ्यात तर हेच बरं, ओली लाकडं पेटता पेटत नाहीत. मंत्राग्नी, मडकं फोडणं, प्रदक्षिणा हे दाहिनीच्या दारात सगळं करता येतं, विधी कमी होत नाही. प्लॅस्टिकच्या माळा, नारळ, बाटल्या आत जाऊ देऊ नका, एवढंच तिथला कर्मचारी सांगत असतो. अण्णांच्या वेळी चुलत सासऱ्यांनी लाकडाचाच हट्ट धरला होता, मग आईच म्हणाल्या की त्यांनी घरात कधी एक काडी वाया घालवली नाही, इलेक्ट्रिकमध्येच करा. विषय संपला.

अग्नी कोणी द्यायचा? मुलगी देते, सून देते, कोणी अडवत नाही, गुरुजींना आधी सांगा म्हणजे तिथे चेहरा पडत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी संस्थेकडे मराठीत अर्थ सांगत विधी करतात, स्त्री पुरोहितही आहेत. विधी नकोच असेल तर नकोच, दोन मिनिटं शांत उभं राहून दाहिनीत द्या, कायद्याला त्याचं काही नाही. लिंगायत, मुस्लिम, ख्रिश्चन घरांत दफन असतं, तिथे दफनभूमीच्या ट्रस्टकडे किंवा मशिदीच्या जमातीकडे, चर्चकडे पहिला फोन जातो, डॉक्टरांचा कागद मात्र तोच.

अस्थी आळंदीला, वाईला, नाशिकला रामकुंडावर, जिथे तुमची रीत. आम्ही मूठभर आळंदीला आणि बाकीची राख अण्णांनी लावलेल्या कढीपत्त्याच्या मुळाशी. दहाव्याला पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो, पिंडाला कावळा शिवेना, पाऊण तास सगळे झाडाकडे बघत, शेवटी एक काकू हळूच म्हणाल्या त्यांना शेवेची भाजी आवडायची ना, आणि कोणीतरी खरंच पळत जाऊन पुडी आणली. गुरुजींनी काही आक्षेप घेतला नाही. दहावा-तेराव्याचे पैसे, दक्षिणा, सामान धरून किती, हे गुरुजींना आधी विचारायला लाजू नका, तेही सांगतात सरळ.

आता नोंदणी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, त्यात पैसे लागत नाहीत. नंतर ३० दिवसांपर्यंत लेट फी, पुढे वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि कागद, आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर ते कळवतात, घरी झाला तर जबाबदारी घरच्यांची, स्मशानात पास दिला म्हणजे नोंद झाली असं धरून चालू नका, आठवड्याने चौकशी करा. दाखल्याच्या दहा प्रती सुरुवातीलाच घ्या, बँक, एलआयसी, पेन्शन, सोसायटी, गॅस, वीज, जमीन असेल तर सातबारा, प्रत्येकाला एक लागते आणि काही जण मूळ प्रतच मागतात.

खात्यात पैसे आहेत म्हणून एटीएमने काढू नका, पिन माहीत असला तरी. पेन्शन पुढच्या महिन्याची जमा झाली तर ती परत जाते, आणि नंतर बँक हिशेब मागते तेव्हा नॉमिनी म्हणून तुम्हीच उत्तर द्यायला उभे. मोबाइल नंबर मात्र लगेच बंद करू नका, अर्धी कामं ओटीपीवर अडतात, आम्ही अण्णांचं सिम अजून रिचार्ज करतोय, वीज बिलाचा मेसेज त्यावरच येतो.