बुरशी झटकली तरी विष राहतं: मका-शेंग साठवताना या चुका टाळा

काढणीला पाऊस गाठला की खळ्यावरच्या मक्याला हिरवट-पिवळी पूड धरते. खान्देशात ही कुणाला नवी नाही. बहुतेकदा ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी असते, आणि तिचं मूळ घर म्हणजे आपलीच माती. तिच्या भावकीतली अ‍ॅस्परजिलस नोमियस मातीत तर असतेच, किड्यांच्या अंगातही सापडते. १९८७ साली तिचं नाव ठेवलं तेही जमिनीत बिळं करणाऱ्या नोमिया मधमाशीवरून. दोघी अफ्लाटॉक्सिन तयार करतात. ते यकृताचं विष आहे.

सगळ्यात मोठी चूक घरात होते. पूड झटकायची, दाणे धुवायचे, दळायला टाकायचे. पण पूड गेली तरी दाण्यात मुरलेलं विष जात नाही, भाकर कितीही खरपूस भाजा. १९७४ साली शेजारच्या गुजरात-राजस्थानातल्या आदिवासी गावांत असाच मका खाण्यात आला, कावीळ पसरली आणि शंभरावर माणसं दगावली. गावातली कुत्रीसुद्धा मेली.

"आपल्याला नको तर म्हशीला घाल" ही दुसरी चूक, आणि मला हीच जास्त खटकते. कारण ते विष रूप बदलून दुधात उतरतं आणि आपल्याच लेकरांच्या पेल्यात येतं. बुरशीची सरकी ढेपही त्यातलीच. दिली गेली असेल तर लगेच बंद करा. दूध काही दिवसांत निवळतं.

शेतातल्या चुका थोडक्यात. शेंगा भरताना भुईमुगाला पाण्याचा ताण पडला की बुरशी जमिनीतच शिरते. अळीने कुरतडलेली कणसं आणि फुटलेल्या शेंगा चांगल्या मालात मिसळू नका. वाळवण मातीवर नको, ताडपत्रीवर घाला.

साठवताना घाई नडते. मक्यात ओल १३-१४ टक्क्यांवर नको, शेंगेत ८ च्या वर नको. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सोंडे झाले तर दुर्लक्ष करू नका, ते बुरशीची बीजं पोतंभर फिरवतात.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून दोन मिनिटं हलवा, मग पाव तास राहू द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. तो मका परत उन्हात घाला.