जपानी शब्द लक्षात राहीनात, तेव्हा

जपानी शिकू लागल्यावर मी रोज तीस शब्द वहीत उतरवून त्यांपुढे मराठी अर्थ लिहीत असे. मात्र आठवड्याने वही उघडली की निम्म्याहून अधिक शब्द अनोळखी वाटत. दोष स्मरणशक्तीचा नसून मांडणीचा होता, हे उशिरा ध्यानात आले.

पहिला बदल म्हणजे सुटे शब्द सोडून कांजी, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी लिपीतील अर्थदर्शक चिन्हांभोवती शब्द गोळा करणे. विजेचे 'देन' हे चिन्ह ओळखीचे झाले की देन्की म्हणजे वीज, देन्शा म्हणजे विजेवरची रेल्वे, देन्वा म्हणजे दूरध्वनी आणि देन्ची म्हणजे बॅटरी, असे चार शब्द एकाच धाग्यात ओवले जातात. केवळ उच्चारावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण 'कागाकु' हा उच्चार विज्ञानाचाही आहे आणि रसायनशास्त्राचाही. गोंधळ टाळण्यासाठी जपानी लोक स्वतःच रसायनशास्त्राला कधीकधी 'बाकेगाकु' म्हणतात.

क्रियापदांनी मात्र अधिक छळले. 'ओचिरु' आणि 'ओतोसु' ही जोडी आपल्या पडणे-पाडणे यांसारखी असल्याने सहज बसली. परंतु दार आपोआप उघडते तेव्हा 'आकु' आणि आपण ते उघडतो तेव्हा 'आकेरु', हा भेद मराठीतील एकाच 'उघडणे'मुळे सतत निसटत असे. म्हणून मी क्रियापद एकटे न लिहिता 'दोआ गा आकु' (दार उघडते), 'दोआ ओ आकेरु' (दार उघडतो) असे कर्त्याच्या 'गा' आणि कर्माच्या 'ओ' या प्रत्ययांसह लिहू लागलो.

आता दिवसाला आठच शब्द घेतो आणि दुसऱ्या, चौथ्या व दहाव्या दिवशी अर्थ झाकून ते आठवून पाहतो.