आयटीला टाळून शीट बनवताय? आधी हे बघा
सेल्सवाल्यांना रिपोर्ट उद्या सकाळी हवा असतो आणि आयटी म्हणतं तिकीट टाका, म्हणजे रीतसर विनंती नोंदवा, तीन आठवडे लागतील. मग काय, कुणीतरी स्वतःच्या जीमेलवर शीट बनवतं आणि सगळ्या ग्राहकांचे मोबाईल नंबर त्यात. आमच्याकडे अशीच एक होती, बनवणारा नोकरी सोडून गेला आणि ऐन महिनाअखेरीला ॲक्सेस कुणाकडेच नाही!

तर आधी डेटा बघून कामं वेगळी करा. ग्राहकाचं नाव, नंबर, पैसे यातलं काहीच नसेल तर टीमने खुशाल बनवावं, आयटीला फक्त एक मेल टाकायचा. असेल तर कंपनीच्या अकाउंटवरच, ॲडमिन दोन जण, आणि लिंक सगळ्यांना उघडी ठेवायची नाही म्हणजे नाही. ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेब-स्टॉकच्या मुख्य सिस्टीममध्ये, एंट्री मारणारं काही असेल तर मात्र गुपचूप आयटीच्या रांगेत उभं राहा.

आयटीवाल्यांनो, तुम्हीपण नुसतं नाही म्हणू नका, दोन दिवसांत उत्तर द्या आणि सोबत पर्याय द्या, नाहीतर लोक चोरवाट काढणारच. डेटा लीक झाला तर २०२२ च्या नियमाप्रमाणे सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, ६ तासांत कळवावं लागतं, आणि शीट आहे हेच माहीत नसेल तर कळवणार काय, कपाळ?

शीट फुगायला लागली, ओळी वाढत चालल्या, की तर आयटीला बोलवाच. २०२० मध्ये इंग्लंडात जुन्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ च ओळी बसतात म्हणून कोविडच्या १५,८४१ केसेस आकडेवारीत वेळेवर आल्याच नव्हत्या.