बाजारातील क्लच केबल निवडताना

मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या केबलवर चालणाऱ्या क्लचच्या गाडीसाठी कंपनीबाहेरची केबल घेताना केवळ मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. जुनी केबल दुकानात सोबत न्यावी आणि काउंटरवर नव्या केबलशेजारी सरळ ताणून ठेवावी. खरी तुलना एकूण लांबीची नसून, बाहेरील आवरणाच्या टोकांपुढे आतील तार किती उघडी राहते याची असते. ही उघडी तार फार कमी-जास्त असली, तर ॲडजस्टिंग नटाचे आटे संपू शकतात आणि पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटू लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापात बसत नाही.

त्यानंतर आवरण हातात सैलसर वळवून आतील तार मागे-पुढे ओढून पाहावी. ती कुठेही अडखळत किंवा खरखरत असेल, तर केबल परत करावी, कारण वापराने ती मोकळी होईल हा दुकानदाराचा दिलासा माझ्या मते मुळीच स्वीकारू नये. टोकांची फिटिंग, रबरी बूट आणि आट्यांची स्वच्छता यांवरूनही दर्जा कळतो.

मात्र केबल बदलण्याआधी गिअरबॉक्सवरील रिलीज लिव्हर, म्हणजे केबल ज्याला ओढते तो दांडा, हाताने हलवून पाहणे अत्यंत आवश्यक आहे. त्याच्या शाफ्टचे बुश (शाफ्टला आधार देणारी छोटी नळी) झिजले असेल, तर पेडल नव्या केबलनेही जडच राहते. बसवताना केबल जुन्याच मार्गाने, तीव्र वळण न देता आणि एक्झॉस्टपासून दूर न्यावी.