तुळशीला केळीची पानं: क्रोशाची बागगाडी विणताना मी कुठे फसले

साखळी येते, मुका खांब येतो, खांब येतो, गोल फिरत टाके वाढवता येतात, एवढं गृहीत धरते. एखादं तोरण किंवा बाळाची टोपी हातावेगळी झालेली असेल तर तुम्ही या गाडीला तयार आहात. नसेल तर आधी टोपी करा. मी टोपी न करता थेट गाडीवर उडी मारली, त्याचं फळ पुढे वाचालच.

गाडी म्हणजे कॅरव्हॅन. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं, दोन चाकांचं फिरतं घर. त्याची हातभर नव्हे, वीतभर प्रतिकृती, आणि तिच्या अंगाखांद्यावर बाग: खिडकीखाली कुंड्या, छतावर वेल, दाराशी फुलझाडं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या मैत्रिणीला ती गौरीच्या आराशीत हवी होती. म्हणाली, ‘‘गौरी दरवर्षी चालत येतात, यंदा गाडीतून आणू.’’ कल्पना इतकी गोड होती की मी हो म्हणून बसले. कॅरव्हॅनचा एक इंग्रजी नमुना विकत घेऊन छापला, मंगळ बाजारातून सुती दोऱ्याचे गोळे आणले. दुकानदार म्हणाला, ‘‘बेन, रंग पाको छे.’’ लाल पाको नव्हता, पण ते नंतर कळलं. (लाल आणि गर्द निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.)

आता खरी गोष्ट. नमुन्यात बाजूच्या भिंतीला 30 टाके आणि 22 ओळी होत्या, टाका ‘डीसी’. डीसी म्हणजे डबल क्रोशे, आणि डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, हे मला व्हिडिओ बघून बघून पाठ होतं. मी खांब घालत सुटले. नोकरीवरून आल्यावर रात्री दोन-दोन तास. चार रात्रींत एक भिंत झाली, आणि ती नमुन्यात लिहिलेल्या 8 सेंटीमीटरऐवजी 16 सेंटीमीटर उंच झाली. मला वाटलं, माझा हात सैल आहे. दुसरी भिंत हात आवळून विणली. ती 15 झाली. तरी थांबले नाही, हे लिहून ठेवते, कारण तुम्हीही थांबणार नाही. पानांकडे वळले. नमुन्यातलं तुळशीचं पान पाच टाक्यांचं, माझं केळीचं पान निघालं.

गौरी यायला नऊ दिवस होते. आत्या घरी आली होती. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण उभ्या हयातीत तिने रुमाल, आसनं, तोरणं किती विणली याला गणती नाही. तिने माझी भिंत उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि म्हणाली, ‘‘अगं, हे खांब आहेत. खेळण्याला खांब कोण घालतं? आतला कापूस दिसेल ना.’’ भिंतीतून मला पलीकडची जाळी, जाळीवरचं कबुतर, सगळं दिसत होतं. मी म्हटलं, ‘‘नमुन्यात तसंच लिहिलंय.’’ ती म्हणाली, ‘‘मग लिहिणाऱ्याचा खांब वेगळा असेल.’’

तिने हे सहज म्हटलं होतं, पण होतं अगदी खरं.

हे नीट वाचा, आणि कंटाळा आला तरी पुन्हा वाचा. मुका खांब घालताना सुई टाक्यात घालून दोरा ओढून घेतला की सुईवर 2 फासे असतात, आणि ते एका ओढीत सुटतात. या टाक्याला अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे म्हणतात, ‘एससी’. ब्रिटिश नमुन्यात हाच टाका डबल क्रोशे, ‘डीसी’. आपला साधा खांब घालताना आधी सुईवर वेढा घेतो, मग सुईवर 3 फासे येतात आणि ते दोन ओढींत सुटतात. तो अमेरिकन नमुन्यात डबल, आणि ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल, ‘टीआर’. म्हणजे ‘डीसी’ ही अक्षरं दोन्हीकडे आहेत, टाका मात्र निराळा, आणि उंचीत जवळजवळ दुपटीचा फरक. लक्षात ठेवायला सोपी युक्ती: ब्रिटिश सुईवरचे फासे मोजतात असं धरा, अमेरिकन ओढी मोजतात. आणि हे खांबापाशी थांबत नाही. पुढचा प्रत्येक टाका एकेका पायरीने सरकलेला असतो. आपला दुहेरी खांब अमेरिकन नमुन्यात ट्रेबल, ब्रिटिश नमुन्यात डबल ट्रेबल.

नमुना कुठला हे ओळखायचं कसं? कुठेही एससी दिसला की नमुना अमेरिकन, विषय संपला. हल्लीच्या ब्रिटिश नमुन्यात सिंगल क्रोशे नसतोच. ‘एचटीआर’ म्हणजे हाफ ट्रेबल दिसला तर ब्रिटिश. अमेरिकन त्या अर्ध्या खांबाला एचडीसी लिहितात. विणीच्या घट्टपणाला ‘टेन्शन’ लिहिलं असेल तर ब्रिटिश, ‘गेज’ असेल तर बहुधा अमेरिकन. टाका सोडायला ‘मिस’ म्हटलंय (ब्रिटिश) की ‘स्किप’ (अमेरिकन), तेही बघा. आणि यातलं काहीच सापडलं नाही तर ओळ कशी सुरू होते ते बघा. डीसीच्या ओळीआधी 1 साखळी घालायला सांगितली असेल तर तो मुका खांब, 3 सांगितल्या असतील तर खांब. टाक्याच्या नावाने फसाल, पण साखळ्यांची उंची खोटं बोलत नाही.

माझ्या नमुन्यात एससी एकदाही नव्हता, एचटीआर पानोपानी होता, प्रत्येक ओळीला 1 साखळी होती. शिवाय मथळ्यातच ‘कॅरव्हॅन’ लिहिलेलं. अमेरिकन माणूस तिला ट्रेलर किंवा कॅम्पर म्हणतो. ब्रिटिश असल्याची एवढी चिन्हं डोळ्यांसमोर असताना मी चार रात्री खांब घालत होते. अजूनही आठवलं की कानशिलं गरम होतात.

म्हणून आता कुठलाही नमुना हातात घेतला की पहिल्या पानावर पेन्सिलीने मराठीत लिहिते: ‘इथे डीसी म्हणजे मुका खांब.’ आपल्या शब्दांत गोंधळच नाही. मुका तो मुका, खांब तो खांब. आणि चित्रांचा तक्ता दिला असेल तर शब्द सोडा, तक्ता धरा. अधिकचं चिन्ह किंवा फुली म्हणजे मुका खांब, नुसता टी म्हणजे अर्धा, टीच्या दांड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे दुहेरी. चिन्हं दोन्हीकडे सारखीच असतात. आत्या तक्त्यावरून जपानी नमुनासुद्धा विणते, आणि आम्ही व्हिडिओवाले अडकून बसतो.

व्हिडिओबद्दल माझं मत वाईट आहे, आधीच सांगते. हाताची चाल कळायला तो एकदा बघावा. पण व्हिडिओ थांबवत थांबवत अख्खी वस्तू विणणाऱ्यांना टाके मोजायची सवयच लागत नाही. आणि ‘‘सोपं आहे गं, होईल’’ म्हणणाऱ्या ताई मला चालत नाहीत. आत्याने मला दोन्ही भिंती उसवायला सांगितल्या. मी एकच उसवली.

बरं, धीर सोडू नका. टाका एकदा बरोबर धरला की भिंती भराभर होतात. 2.5 मिलीमीटरची सुई, हात जरा घट्ट. मुका खांब रुंदीला उंचीपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून चौकोनी खिडकी हवी तर 6 टाक्यांना 6 ओळी पुरत नाहीत, 7 घ्या. भिंतीत कडक पुठ्ठा घालतात, पण पाणी लागलं की त्याचा लगदा होतो. जुन्या प्लॅस्टिक फायलीचं झाकण कापून घाला, चारही बाजूंनी 3 मिलीमीटर कमी आणि कोपरे गोल. चाकांचे दोन-दोन गोल, मध्ये मोठं बटण. छताची कमान शेवटी.

एकच ताकीद: भिंतीवरची सगळी फुलं, पानं, वेल भिंती जोडण्याआधी शिवून घ्या. डबा बंद झाल्यावर आत सुई जात नाही. मी जोडून बसले होते.

झाडांना वेळ द्या, खरी मजा तिथे आहे. पोलादी बारीक सुई आणि बारीक दोरा. पोलादी सुईचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, अॅल्युमिनियमच्या उलट. पान म्हणजे 6 साखळ्या, सुईपासून दुसरीत सुरुवात: मुका, अर्धा, खांब, अर्धा, मुका. नखाएवढं पान होतं, मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळतं. नमुन्यातही हेच होतं. डीसी, एचटीआर, टीआर असं लिहिलेलं वाचून मी त्याचं खांब, अर्धा, दुहेरी खांब केलं होतं. तुळशीला केळीची पानं आली ती अशी.

कुंडीला जादूच्या फाशात (दोरा ओढला की आवळणाऱ्या सुरुवातीच्या गोलात) 6 टाके, मग 12, मग 18. पुढची एक फेरी टाक्याच्या माथ्यावरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागच्यातून. तेवढ्याने तळ आणि भिंत यांच्यात कड पडते आणि कुंडी टेबलावर नीट बसते. पुढे न वाढवता चार फेऱ्या. वृंदावनाचा तळ चौकोनी हवा, तर प्रत्येक फेरीत चार कोपऱ्यांवर एकाच टाक्यात 3 मुके घाला, मग मागच्या दोऱ्याची तीच युक्ती.

निवडुंग करायचा तर 11 साखळ्या, दुसरीपासून 10 मुके, सगळ्या ओळी मागच्या दोऱ्यातून, अशा 16. आपोआप धारा उमटतात. नळी करून शिवा, वरचं तोंड दोऱ्याने आवळा, थोडा कापूस भरा. गौरीसाठी मी दोन निवडुंग हौसेने केले होते. आत्या म्हणाली, ‘‘माहेरवाशिणीच्या दारात काटे?’’ ते माझ्या टेबलावर आले. त्यांच्या जागी वृंदावन आणि सदाफुली. रंग जुळवायला मी सयाजीबागेत गेले होते. हीच आपली कमाटीबाग, 1879 पासून आहे, तरी त्या दिवशी मी प्रथमच फुलांच्या घड्याळापाशी बसून पानांचे हिरवे मोजले. दुकानातून मी एकच हिरवा आणला होता. तुम्ही तीन आणा: पोपटी, गर्द, आणि एक जरा धुळकट. खऱ्या बागेत तो असतोच.

पानं लवतात म्हणून ती कडक करतात. मी साखरेचा पाक वापरला. सकाळी वेलीवर मुंग्यांची रांग होती, छतापासून चाकापर्यंत. आत्याची साबुदाण्याची पातळ खळ बरी, पण पावसाळ्यात तीही मऊ पडते. आमच्या गौरी भाद्रपदात येतात, तेव्हा मोठ्या पानांच्या कडेने बारीक तार घालून मोकळी झाले. गाडी लहान मुलाला द्यायची असेल तर तार, टाचणी, मणी, काही नको.

गोंदाची गरम बंदूक? मला आवडत नाही. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या गाडीच्या तीन कुंड्या सुटून आल्या होत्या. शिवलेलं झाड उपटत नाही.

पैशांचं विचारतात म्हणून. दुसऱ्या गाडीला मला 34 तास लागले, त्यातले निम्म्याहून जास्त झाडांत गेले. ताशी हिशेब सांगितला की समोरून ‘‘दोऱ्याचंच तर आहे’’ येतं. पहिल्या वर्षी मी ते ऐकून किंमत उतरवायचे. आता उतरवत नाही, झाडं कमी करते: दोन कुंड्यांची गाडी या भावात, सहा कुंड्यांची त्या. नवीन असाल तर पहिली गाडी विकू नका, कुणाला तरी द्या. चुका घरातच राहतात.

गौरी शेवटी गाडीतूनच आल्या. आवाहनाच्या आदल्या रात्री दीड वाजता दुसरं चाक शिवलं, ते जरा कललेलं आहे, फोटोत दिसत नाही.

न उसवलेली ती 16 सेंटीमीटरची भिंत आत्या घेऊन गेली. 12 रुंद होती, मधोमध दुमडून दोन बाजू शिवल्या, आतून जुन्या इरकलीचं अस्तर लावलं. तिच्या चष्म्याला ते घर अगदी मापात बसलं.